थंड हवेतील नवजात बालक : ऊब, दूध आणि मातेचे आरोग्य

पाचगणीची हवा आरोग्यदायी म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावी डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले, ते येथील स्वच्छ व थंड हवेच्या भरवशावरच. क्षयावर गुणकारी औषधे नव्हती, त्या काळी पसरणीचा घाट चढून येणाऱ्या रुग्णास ही हवा हाच मोठा आधार वाटे. परंतु जी हवा प्रौढास मानवते, तीच नुकत्याच जन्मलेल्या बालकास मात्र जाचक ठरते. नऊ महिने सदतीस अंश सेल्सिअस उबेत वाढलेले मूल जन्मताच ओलेचिंब अवस्थेत बाहेरच्या गारव्यात येते. पौषातील पहाट असो की आषाढातील धुके, त्या घटकेपासून त्याला स्वतःची उष्णता स्वतः राखावी लागते; आणि ही कला त्यास अद्याप पुरती साधलेली नसते.

गोडवली, आंब्राळ, खिंगर, दांडेघर, भिलार, राजपुरी या डोंगरमाथ्यावरील गावांतील शिक्षकांस नवजात बालकाच्या या गरजेची शास्त्रीय ओळख व्हावी, तिचा संबंध गर्भवतीच्या आरोग्याशी कसा जोडलेला आहे हे ध्यानी यावे आणि हा विषय वर्गात व पालकसभेत कसा मांडावा याची दिशा मिळावी, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

१. बालक का गारठते?

उष्णतेच्या संक्रमणाचा पाठ शिक्षक विज्ञानाच्या तासाला शिकवितातच. नवजात बालक हे त्या पाठाचे जिवंत उदाहरण होय. त्याच्या शरीरातील उष्णता चार वाटांनी निघून जाते. अंगावरचे पाणी सुकताना बाष्पीभवनाने जाते; थंड तराजूवर, ओल्या दुपट्यावर वा फरशीवर ठेवल्यास वहनाने जाते; दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याबरोबर अभिसरणाने जाते; आणि जवळच्या थंड दगडी भिंतीकडे प्रारणाने जाते. जन्मलेले मूल न पुसता तसेच ठेवले, तर पहिल्या दहा-वीस मिनिटांतच त्याचे तापमान दोन ते चार अंशांनी उतरू शकते.

मोठ्या माणसास थंडी वाजली की तो कुडकुडतो व त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. नवजात बालकास असे कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेभोवती, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये व मूत्रपिंडांभोवती तपकिरी रंगाची विशेष चरबी असते. ती जाळून ते ऊब निर्माण करते. ही चरबी गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत साठते. म्हणून दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बालकाची ही शिदोरी अपुरी असते.

शिवाय चरबी जाळण्यास प्राणवायू व साखर खर्च होते. गारठलेल्या बालकाच्या रक्तातील साखर उतरते, ते मलूल होते, दूध ओढीत नाही. दूध पोटात न गेल्यामुळे ते अधिक गारठते. हे चक्र एकदा सुरू झाले की काही तासांत बालक दगावू शकते. घरात मात्र ‘मूल शांत आहे, रडत नाही, गुणी आहे’ असा समज होतो. गारठ्याचा खरा धोका या फसव्या शांततेत आहे.

२. वर्गात करावयाचा प्रयोग

लहान बालक मोठ्यापेक्षा लवकर का गारठते, हे दाखविण्यास एक वाटी, एक तांब्या, कोमट पाणी व तापमापक एवढे साहित्य पुरते. दोन्ही भांड्यांत सारख्याच उष्णतेचे पाणी ओतावे व दर पाच मिनिटांनी तापमान फळ्यावर लिहावे. वाटीतील पाणी आधी निवते. कारण वस्तू जितकी लहान, तितके तिच्या आकारमानाच्या मानाने तिचे पृष्ठफळ अधिक. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा व घनफळ एक; दोन सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ चोवीस व घनफळ आठ. पहिल्यात हे प्रमाण सहास एक, दुसऱ्यात तिनास एक. दीड किलो वजनाचे मूल आणि तीन किलो वजनाचे मूल यांत असाच फरक असतो.

पुढे दोन सारख्या तांब्यांपैकी एकास ओले फडके व दुसऱ्यास कोरडे लोकरी कापड गुंडाळून तोच प्रयोग करावा. ओल्या बालकास आधी कोरडे का करावयाचे, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येईल.

३. जन्मानंतरचा पहिला तास

प्रसूती शक्यतो रुग्णालयातच व्हावी. तेथे बालकाची काळजी घेणारे प्रशिक्षित हात असतात. तरीही पुढील क्रम घरातील प्रत्येकास ठाऊक असावा. कारण घाटवाटेवर वा रुग्णवाहिकेतही प्रसूती होऊ शकते.

बालक जन्मताच कोरड्या, स्वच्छ, आधी उबवलेल्या कापडाने पुसावे आणि ओले झालेले कापड टाकून दुसरे कोरडे घ्यावे. नंतर त्यास आईच्या उघड्या छातीवर, त्वचेस त्वचा लागेल असे पालथे ठेवून वरून दोघांस पांघरूण घालावे. डोके झाकावे, बालकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने तेथून पुष्कळ उष्णता जाते. आपल्याकडील कुंची या दृष्टीने फार शहाणपणाचे वस्त्र आहे. ती डोके, कान व पाठ एकदम झाकते. आजीने शिवलेली कुंची बाळंतविड्यातील शोभेची वस्तू न राहता पहिल्या दिवसापासून वापरात यावी.

पहिल्या तासाच्या आत बालकास अंगावर घ्यावे. पहिले दाट पिवळसर दूध म्हणजे चीक. काही घरांत तो ‘वाईट’ म्हणून पिळून टाकतात. गाय व्याल्यावर वासराला आधी चीक पाजल्यावाचून शेतकरी राहत नाही, हे मुलांनाही ठाऊक असते. जे वासराच्या बाबतीत कळते, ते लेकराच्या बाबतीतही कळले पाहिजे. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात. ती बालकाची पहिली लसच होय. मध, साखरपाणी, गूळपाणी, बाळघुटी यांपैकी काहीही देऊ नये. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही नको.

पहिली आंघोळ निदान चोवीस तास पुढे ढकलावी. जन्मतः अंगावर असणारा पांढरा थर मळ नसून संरक्षक लेप आहे. तो घासून काढू नये. नाळेवर शेण, राख, हळद, तेल वा भस्म लावू नये. ती कोरडी व उघडी ठेवावी. अस्वच्छ पात्याने नाळ कापणे व तिला शेणमाती लावणे यांमुळे होणाऱ्या धनुर्वाताने एके काळी असंख्य बालके दगावत. मातांचे लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांच्या बळावर २०१५ साली माता व नवजात बालक यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. लस आणि स्वच्छता या दोन साध्या गोष्टींनी केवढे काम केले, याचे हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे.

४. ऊब देण्याच्या योग्य व घातक रीती

थंड प्रदेशात बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल आहे. त्यामागील हेतू योग्य आहे, रीत मात्र घातक आहे. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. निजलेल्या माणसास तो कळतही नाही. ओवा, वेखंड वा बाळंतशेपा यांच्या धुरीने बालकाच्या कोवळ्या फुप्फुसांस इजा होते. गरम विटेने वा पाण्याच्या बाटलीने शेकताना त्वचा भाजल्याचे प्रकार घडतात.

याहून सोपी, बिनखर्चाची व अधिक खात्रीची ऊब आईच्या अंगाची. कोलंबिया देशातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी १९७८ साली, काचपेट्या अपुऱ्या पडत असताना, कमी वजनाची बालके आईच्या छातीशी त्वचेस त्वचा लावून बांधण्याची रीत सुरू केली. पोटपिशवीत पिल्लू वाढविणाऱ्या प्राण्यावरून तिला ‘कांगारू मातृसेवा’ म्हणतात. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फार कमी वजनाच्या बालकांस जन्मतःच ही सेवा मिळाल्यास मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते असे दिसून आले. आई थकली असता वडील, आजी वा आत्याही छातीशी बालक धरू शकतात. घरातील पुरुषांनी हे काम करण्यात कमीपणा मानू नये, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे.

बालकास ऊब पुरते की नाही, हे तपासण्यास हाताची पालथी बाजू पुरेशी आहे. पोट व पाऊल दोन्ही उबदार असतील तर बालक ठीक आहे. पोट उबदार पण पाऊल गार असेल तर त्यास थंडी बाधू लागली आहे. ताबडतोब छातीशी घ्यावे व दूध पाजावे. पोट व पाऊल दोन्ही गार असतील तर ती धोक्याची स्थिती होय. त्याच स्थितीत छातीशी धरून रुग्णालय गाठावे. उलटपक्षी, जाड वाकळ व घोंगडी यांत मूल घामाघूम होईपर्यंत गुंडाळणेही चुकीचे. मोठ्या माणसापेक्षा कपड्याचा एक थर अधिक, हे प्रमाण साधारणपणे पुरे.

५. बालकाची ऊब गर्भारपणातच सुरू होते

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल लवकर गारठते. म्हणून मूल पुऱ्या दिवसांचे व पुरेशा वजनाचे जन्मावे, हाच गारठ्यावरील पहिला उपाय होय. त्याची तयारी आईच्या ताटात व तिच्या विश्रांतीत होते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील गर्भवतींचा १९९० नंतरच्या दशकात दीर्घ अभ्यास केला. ज्या माता दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांची बालके जन्मतः अधिक भरलेली असल्याचे त्यांस आढळले. तसेच शेतकाम, पाणी वाहणे, धुणे अशी कष्टाची कामे अधिक करणाऱ्या मातांची बालके तुलनेने लहान होती. ही खेडी दूरची नव्हेत. तेथील भाकरी, तेथील शेत व तेथील कष्ट आपल्याच घरांसारखे आहेत.

पाचगणीच्या परिसरात या निष्कर्षास विशेष अर्थ आहे. येथील स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत लावणीपासून तोडणीपर्यंतची बरीच कामे स्त्रियाच करतात. थंडीच्या पहाटे तासन्‌तास वाकून फळ तोडणे, भरलेल्या पाट्या वाहणे आणि औषध फवारलेल्या वाफ्यांत वावरणे गर्भवतीस योग्य नाही. मजुरी बुडते म्हणून ती सांगत नाही; घरचेही विचारीत नाहीत. निदान फवारणीपासून तिला पूर्णपणे दूर ठेवावे, जड ओझे देऊ नये, दुपारी दोन तास आडवे होऊ द्यावे आणि रात्री आठ तास झोप मिळू द्यावी.

आहाराविषयी एक गैरसमज खोलवर रुजला आहे. ‘जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल’ या भीतीने गर्भवतीस अर्धपोटी ठेवले जाते. वास्तविक तिला रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणांखेरीज एक लहान जेवण जास्त. नाचणी, ज्वारी वा बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, डाळ, मेथी, शेपू, राजगिरा, शेवग्याचा पाला, शेंगदाणे व गूळ, दूध, चालत असल्यास अंडी व मासे, आणि लिंबू वा आवळा ही सर्व घरची वा बाजारची स्वस्त सामग्री होय. घरातील सर्वांचे जेवण उरकल्यावर शेवटी उरेल ते तिने खावे, ही चाल मोडली तर निम्मे काम होईल.

गर्भारपण कळताच, पहिल्या बारा आठवड्यांच्या आत, आरोग्यसेविकेकडे नोंद करावी. निदान चार तपासण्या व्हाव्यात. त्यांत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी व बालकाची वाढ पाहिली जाते. दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी होते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजावा. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोह व फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी. चहाबरोबर मात्र ती घेऊ नये, कारण चहाने लोहाचे शोषण कमी होते. गोळीने शौचास काळे होते, त्यास भिऊ नये. तंबाखू व मिश्री पूर्णपणे सोडावी. त्यांमुळे बालकाचे वजन घटते.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे. माहेरी जाताना तपासणीची नोंदपुस्तिका बरोबर द्यावी, अन्यथा तेथील डॉक्टरांस मागचे काहीच कळत नाही. पावसाळ्यात दरडी व धुके यांमुळे घाट अडतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील गावांस लाँचचा आधार असतो. अशा ठिकाणच्या गर्भवतीस तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच रुग्णालयाजवळ नातलगांकडे हलवावे. कोणते वाहन, कोण सोबत, घरी लेकरांपाशी कोण, हे डोहाळजेवणाच्या दिवशीच ठरवून टाकावे. १०८ व १०२ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते आणि सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे व आहार मोफत असतात, हे प्रत्येक घरास ठाऊक असावे.

६. धोक्याची चिन्हे

आपल्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्री-डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे अपत्य अवघ्या दहाव्या दिवशी निवर्तले. पुढे १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी घेताना त्यांनी प्रसूतिशास्त्र हाच प्रबंधाचा विषय निवडला. आजही नवजात बालकांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणून पाचवीच्या पूजेपर्यंतचे दिवस विशेष डोळसपणे काढले पाहिजेत. सटवाई कपाळी काय लिहिते याची वाट पाहण्यापेक्षा बालकाचा श्वास मोजावा.

बालकाची पुढील चिन्हे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जावे : दूध ओढणे बंद वा मंद होणे, मलूलपणा, हालचाल कमी होणे, झटके, पूर्ण एक मिनिट मोजून श्वास साठ वा अधिक, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, अंग गार वा तापलेले, पहिल्या दिवशीच कावीळ दिसणे वा तळहात-तळपाय पिवळे होणे, नाळेतून पू येणे.

गर्भवतीची धोक्याची चिन्हे अशी : कोणत्याही महिन्यात रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा व हात सुजणे, झटके, ताप, तीव्र पोटदुखी, पाणी जाणे, बालकाची हालचाल मंदावणे, धाप. प्रसूतीनंतर अति रक्तस्राव, ताप वा दुर्गंधीयुक्त स्राव झाल्यासही थांबू नये.

७. गडचिरोलीचा धडा

हे सर्व खेड्यात घडू शकते काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात तिचे उत्तर दिले. ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेने ३९ खेड्यांत गावातीलच स्त्रियांस घरोघरी जाऊन नवजात बालक तपासण्याचे शिक्षण दिले. वजन करणे, श्वास मोजणे, ऊब राखणे, त्यासाठी उबदार पिशवी वापरणे, स्तनपानास मदत करणे व जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे ही त्यांची कामे होती. १९९३ ते १९९५ या काळात तेथे दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. १९९७-९८ साली हे प्रमाण २५.५ वर आले. शेजारच्या ४७ खेड्यांत ही सेवा नव्हती. तेथे ते ५९.६ राहिले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा स्वयंसेविकांमार्फत घरभेटींची ही पद्धती देशभर स्वीकारण्यात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बालकास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाताई भेटते. घरी जन्मलेल्यास त्याखेरीज पहिल्याच दिवशी.

या स्त्रियांपैकी कोणी डॉक्टर नव्हती. त्यांस शिकविले गेले आणि त्या शिकल्या. शिक्षणाने जीव वाचतो, याहून थेट पुरावा शिक्षकास दुसरा कोणता हवा?

८. शिक्षकाचे कार्य

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले शिक्षिका होत्या. आणि जोतीरावांसह त्यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढून निराधार गर्भवती विधवांची बाळंतपणे सुखरूप केली. माता व बालक यांची चिंता शाळेच्या उंबरठ्याबाहेरची नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले आहे.

शिक्षकाने वैद्य होऊ नये. औषध सुचवू नये. त्याचे काम तीन प्रकारचे आहे. पहिले, सहावी ते आठवीच्या वर्गात वरील प्रयोग करून ‘बाळाची ऊब’ हा पाठ घेणे. हा पाठ मुलगे व मुली यांस एकत्रच द्यावा. उद्याचा बाप आज वर्गात बसलेला असतो. एखाद्या मुलाच्या घरी गर्भवती वा बाळंतीण असल्यास त्याचे नाव घेऊन उदाहरण देऊ नये. पाठ सर्वांस द्यावा, तो योग्य घरी आपोआप पोहोचतो. घरी तान्हे बाळ आल्यामुळे एखादी मुलगी शाळेत येईनाशी झाली, तर घरी जाऊन चौकशी करावी. तिचा वर्ग बुडणार नाही अशी व्यवस्था घरच्यांकडून करून घ्यावी.

दुसरे, मुलींच्या आरोग्याची आजच तरतूद करणे. शाळेत दर आठवड्यास मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी समोर घ्यावी याकडे लक्ष द्यावे. ती आज वाया गेली, तर दहा वर्षांनी रक्तक्षयी माता व कमी वजनाचे बालक या रूपाने तिची किंमत मोजावी लागते. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न ठरत असल्याचे कानी आल्यास वेळीच घरच्यांस समजवावे व आवश्यक तेथे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असलेल्या ग्रामसेवकांस कळवावे. कोवळ्या वयातील गर्भारपण माता व बालक दोघांसही धोक्याचे असते.

तिसरे, पालकसभेत आशाताई, अंगणवाडी सेविका व आरोग्यसेविका यांस बोलावून वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व थंडीपूर्वी, हा विषय ठेवणे. त्या सभेस सासूबाई व आजीबाई अगत्याने येतील असे पाहावे. कुंची, अळिवाचे लाडू, पाळण्यातील स्वच्छ दुपटी अशा त्यांच्या अनेक चालींचे आधी कौतुक करावे. मग शेगडी, मध व शेणमाती यांविषयी बोलावे. ज्याचा मान राखला जातो, तोच ऐकतो.

९. शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१) नवजात बालकाची उष्णता कोणत्या चार वाटांनी जाते? प्रत्येकीस आपल्या गावातील घराचे एक उदाहरण द्या.

२) पोट व पाऊल यांच्या स्पर्शावरून बालकाची स्थिती कशी ओळखाल? बाहुली घेऊन वर्गात करून दाखवा.

३) आपल्या गावातून जवळच्या प्रसूतिकेंद्रास पोहोचण्यास उन्हाळ्यात व पावसाळ्यात किती वेळ लागतो? अडचणीच्या जागांची नोंद करून ती आरोग्यसेविकेस द्या.

४) आपल्या परिसरातील बाळंतपणाच्या दहा चाली लिहा, त्यांतील हितकारक, निरुपद्रवी व घातक अशा तीन याद्या करा.

चौथ्या प्रश्नाची यादी करताना मुलांनी आपापल्या आजीस विचारून यावे. त्या निमित्ताने घराघरांत जे बोलणे निघेल, तेच या पाठाचे खरे फलित होय.